घागर आणि गायकी

गवयाचं चरित्र हाती आलं, की मी आधी घागर शोधतो. पहिल्या प्रकरणात घर सोडून पळणं, दुसऱ्यात गुरुगृही पाणी भरणं. चुकायचं नाव नाही! भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी गदगहून पळाले आणि पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पाणी भरलं. कबूल. पण पाणी भरून गळा तयार होत असता, तर पहाटे चारच्या नळावर आमची अख्खी चाळ ख्याल गायली असती.

गंगूबाई हनगल त्याच गुरूंकडे हुबळीहून आगगाडीने येत. त्यांच्या वाट्याला घागर नव्हती. एकच पलटा घ्यायचा आणि घरी जाऊन घोटत बसायचं. आता तो पलटा गुरुजी किती दिवस पुढे सरकू देत नसत, स्वर 'लागला' हे कशावरून ठरे, हे लिहा ना! तिथं आमचे चरित्रकार 'कठोर साधना केली' म्हणतात आणि थेट सत्कारसमारंभाला निघतात.

गाणं शिकणाऱ्या भाचीला मी असंच एक जाडजूड चरित्र दिलं. परत करताना म्हणाली, "मामा, यात शिकवतात कुठे रे?"

तिला गंगूबाईंची ध्वनिमुद्रिका दिलीय. ती अजून परत आलेली नाही.