पादचारी म्हणजे नेमकं कोण? : पूल, वाटा आणि उद्यानांच्या रचनेची एक समीक्षा

या मालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो. आज बोलायचं आहे ते पादचारी पुलांवर, सामायिक वाटांवर आणि थोडंसं उद्यानांवर. समीक्षा म्हटली की आपल्याला कविता-कादंबरी आठवते. पण पूल हीसुद्धा कुणीतरी विचार करून घडवलेली वस्तू आहे. आणि एक फरक आहे, बरं का. कादंबरी आवडली नाही तर ती मिटून ठेवता येते. पूल मिटून ठेवता येत नाही, रोज सकाळी त्यावरून जावंच लागतं. त्यामुळे पुलाची समीक्षा कादंबरीच्या समीक्षेपेक्षा जास्त निकडीची आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आम्ही अभियंते नाही. आयुष्य गेलं ते लक्षणं आणि व्याख्या तपासण्यात. पण अभियंत्याच्या प्रत्येक आराखड्यात एक व्याख्या दडलेली असते, आणि ती तपासायला आमचं जुनं हत्यार उपयोगी पडतं. पुलाचा आराखडा कागदावर येण्याआधी कुणीतरी मनाशी ठरवलेलं असतं की पादचारी म्हणजे अमुक अमुक. तिथेच चूक झाली, तर पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी पूल चुकतो.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला असेल त्यांना ते ठाऊक आहेत. उदाहरण गाईचं. ‘कपिल वर्णाची ती गाय’ असं म्हटलं तर काळ्या-पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैस आणि शेळीही आत येतात; ही अतिव्याप्ती. आणि ‘एकच अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर अशी गाय जगात कुठेच सापडत नाही, हा असंभव. आता हेच तीन दोष घेऊन आपण रस्त्यावर उतरू.

पहिला दोष अव्याप्ती. साधा हिशेब करून पाहू. रस्त्यावरून जाणाऱ्या उंच वाहनांसाठी पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी लागते. त्यात पुलाची स्वतःची जाडी मिळवली की चालणाऱ्याला सहा मीटर चढावं लागतं. एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर ४० पायऱ्या वर आणि ४० खाली. जिना नको, उतार द्या म्हटलं, तर चाकाच्या खुर्चीसाठी १ ला १२ हे प्रमाण सर्वमान्य आहे. म्हणजे सहा मीटर चढायला ७२ मीटर लांबीचा उतार, एका बाजूला. दोन्ही बाजूंचे मिळून १४४ मीटर, आणि मध्ये विसावे लागतात ते वेगळेच. एवढं सगळं कशासाठी? वीस मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यासाठी. भुयारी मार्ग असता तर माणसाच्या डोक्याइतकीच उंची लागली असती, म्हणजे जवळजवळ निम्मंच चढणं-उतरणं. आणि जमिनीवरच सिग्नल आणि पट्टे असते तर शून्य.

आता विचारा, हा ऐंशी पायऱ्यांचा पूल कोणासाठी आहे? गुडघे धड असलेल्या, हातात पिशवी नसलेल्या, कडेवर मूल नसलेल्या, एकट्या माणसासाठी. असा माणूस पादचारी आहेच. पण तेवढाच पादचारी नाही. कपिला गाय ही गाय आहेच, तसंच हे. आमच्या वयाचे श्रोते इथे बरेच आहेत, त्यांना हे जास्त फोड करून सांगायला नको. लिफ्ट आणि सरकता जिना हे उत्तर दिलं जातं. उत्तर बरोबर आहे, पण ते ज्या दिवशी बंद पडतं त्या दिवशी पुलाची भिंत होते. यंत्र बसवणं ही अर्धी रचना झाली, ते चालू ठेवणं ही उरलेली अर्धी. आपण पहिल्या अर्ध्याचं उद्घाटन करतो आणि दुसऱ्या अर्ध्याची निविदा विसरतो.

अव्याप्तीचं दुसरं रूप संख्येचं आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पाऊस पडत होता, लोक जिन्यावर आडोशाला थांबले होते, आणि मागून गाड्यांची गर्दी येत राहिली. आता नीट पाहा. तो पूल कोसळला नव्हता. भार सोसण्याच्या अर्थाने तो उभाच होता. मग अपुरं काय पडलं? आजूबाजूच्या गिरण्या बंद होऊन त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. रोज उतरणारी माणसं बदलली, त्यांची संख्या बदलली, वेळा बदलल्या. पुलाची व्याख्या मात्र गिरणीच्या काळातलीच राहिली. पुढे लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल काही महिन्यांत उभा राहिला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. म्हणजे पूल बांधणं अशक्य नव्हतं. माणसं मोजणं राहून गेलं होतं. हे लिहिताना आणि बोलताना आम्हाला शब्द जपून वापरावेसे वाटतात, कारण त्या २३ जणांपुढे ‘व्याख्या चुकली’ हे वाक्य फार थंड वाटतं. पण ते थंडपणे तपासलं नाही तर पुन्हा तेच होईल.

आपल्या संहितांमध्ये ही समज अजिबात नाही असं मात्र म्हणता येणार नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पुलांच्या भारसंहितेत पदपथासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरायला सांगितलं आहे. पण जवळ तीर्थक्षेत्र असेल किंवा मोठी जत्रा भरत असेल, तर ५०० किलो धरा, असंही म्हटलं आहे. आम्हाला हे कलम फार आवडतं. संहिता लिहिणाऱ्याला जत्रा माहीत होती! माणूस नेहमी एकटा येत नाही, कधी तो समुदाय होऊन येतो, हे त्या एका ओळीत मान्य केलेलं आहे. प्रश्न एवढाच की आज उपनगरी स्थानकावर रोज संध्याकाळी जत्रा भरते, हे आपण मान्य केलं आहे का?

दुसरा दोष अतिव्याप्ती. ‘मल्टी-यूज ट्रेल’, म्हणजे सगळ्यांची सामायिक वाट, ही हल्ली लाडकी कल्पना झाली आहे. चालणारे, धावणारे, सायकलवाले, मुलं, सगळे एका वाटेवर. ऐकायला फार लोकशाहीवादी वाटतं. पण वेग पाहा. चालणारा सेकंदाला सव्वा मीटर जातो, ताशी १८ किलोमीटरची सायकल पाच मीटर. चौपट. लहान मूल फुलपाखराच्या मागे एक पाऊल बाजूला टाकतं तेवढ्या वेळात सायकल पाच मीटर पुढे आलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांमध्ये दोन्ही दिशांच्या अशा वाटेला साधारण तीन मीटर रुंदी सांगितली आहे, आणि वर्दळ वाढली की वाटा वेगळ्या करा असंही सांगितलं जातं. आपण दीड-दोन मीटरच्या पट्टीवर दोन चित्रं रंगवतो, एक माणसाचं, एक सायकलचं, आणि झाली सामायिक वाट. थोड्या दिवसांनी तिच्यावर दुचाकी येते. तिलाही दोनच चाकं आहेत ना! शिंगं पाहून गाय ठरवली की म्हैस आत येणारच.

या बाबतीत आपल्याकडचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण माथेरान. मोटारींना बंदी असलेलं ते गाव म्हणजे गेली कित्येक दशकं चाललेला सामायिक वाटेचा प्रयोगच आहे. एकाच लाल मातीच्या वाटेवर चालणारे पर्यटक, घोडे, माणसांनी ओढायच्या हातरिक्षा, सामान वाहणारे, आणि अलीकडे ई-रिक्षा. पावसाळ्यात माती वाहून जाते म्हणून पेव्हर ब्लॉक हवेत, असं एक बाजू म्हणते. त्यावर घोडे घसरतात आणि गावाचं रूपच जातं, असं दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि हीच अडचण आहे. खूर, चाक आणि पाऊल यांना एकच पृष्ठभाग सारखा सोयीचा असूच शकत नाही. वाद अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणारी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितली, आणि पेव्हर ब्लॉकबद्दल भेद केला : दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर चालतील, आतल्या वाटांवर नकोत. कायद्याची बाजू कायदेपंडित पाहतील. आम्हाला त्यातला विवेक महत्त्वाचा वाटतो. ‘सगळ्यांसाठी एकच’ म्हणजे समता नव्हे, योग्य ठिकाणी भेद करण्यातही समता असते. आणि हातरिक्षेच्या बाबतीत प्रश्न सोयीचा नव्हताच. वाटेवर दुसऱ्याला ओढून नेणारा माणूसही पादचारीच होता. त्याला आपण वाहन समजत होतो.

तिसरा दोष असंभव, आणि तो सगळ्यात मोहक आहे. मुंबईचा स्कायवॉक. २००८ साली वांद्रे पूर्व स्थानकापासून कलानगरपर्यंत पहिला स्कायवॉक झाला, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा. मग एकामागून एक अनेक स्थानकांवर झाले. हेतू वाईट नव्हता : स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीला खालच्या रिक्षा-बस-फेरीवाल्यांच्या कोंडीतून सोडवून थेट पुढे न्यायचं. काही ठिकाणी त्याचा खरोखर उपयोग झाला, हे न्यायाने म्हटलं पाहिजे. पावसाळ्यात छपराखालून घाईने कचेरी गाठणाऱ्याला तो बरा वाटला. पण अनेक ठिकाणी लोक खालूनच चालत राहिले. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक तर दहा-बारा वर्षांतच बंद करावा लागला.

लोक खालून का चालले? त्यांना शिस्त नाही म्हणून, असं सांगितलं जातं. आम्हाला हे पटत नाही. संध्याकाळी घरी निघालेला माणूस फक्त ‘अ’पासून ‘ब’पर्यंत जात नसतो. तो वाटेत मेथीची जुडी घेतो, चपलेचा अंगठा शिवून घेतो, औषधाच्या दुकानात डोकावतो, ओळखीचं कुणी भेटलं तर दोन मिनिटं थांबतो. ज्याला काही घ्यायचं नाही, थांबायचं नाही, दमायचं नाही, मध्येच कुठे उतरायचं नाही, असा पादचारी स्कायवॉकने गृहीत धरला. असा पादचारी नाही. अखंड खुराची गाय आहे ती. पाण्यासारखा वाहणारा माणूस हवा होता म्हणून नळ बांधला. माणूस वाहत नाही, चालतो.

आणि मूळ प्रश्नच कसा मांडला होता ते पाहा. ‘चालणारा सुखाने कसा पोचेल’ हा प्रश्न नव्हता. ‘चालणाऱ्याला वाहनांच्या वाटेतून बाजूला कसं करता येईल’ हा होता. कांटने सांगितलं की माणसाला केवळ साधन मानू नये. इथे तर त्याला साधनाचाही मान नाही, तो अडथळा आहे. कुणी म्हणेल, रेल्वेमार्गावर आणि द्रुतगती महामार्गावर दुसरा इलाज काय? कबूल. तिथे पूल हवाच, आणि रुंद हवा. आक्षेप शहरातल्या रस्त्यांवरच्या पुलांना आहे, जिथे गाडी चाळीस सेकंद थांबली असती तर म्हातारीला ऐंशी पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या.

उद्यानांचंही थोडं सांगतो. अनेक गावांत नगरपालिकेची बाग सकाळी उघडते, दुपारी बंद होते आणि संध्याकाळी पुन्हा उघडते. म्हणजे बाग कुणाची? फिरायला येणाऱ्याची. ज्याला भर दुपारी सावली हवी असते, तो पहारेकरी, ती भाजीवाली, घरोघर पार्सलं पोचवणारा तो मुलगा, यांची नाही. झाडाची सावली ऐन दुपारी कुलपात! ही अव्याप्ती तर एका किल्लीने दूर होण्यासारखी आहे.

मग व्याख्या दुरुस्त होते तरी कशी? लंडनच्या मिलेनियम पुलाची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. १० जून २००० रोजी तो खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण लोक चालू लागले की तो आडवा डोलायचा. झालं असं, की माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि प्रत्येक पाऊल थोडं आपापल्या बाजूला रेटतं. एका माणसाचं रेटणं नगण्य असतं. पण पूल जरासा हलला की प्रत्येक जण तोल सावरायला त्याच्याच तालात पाय टाकू लागतो, मग पूल आणखी हलतो, आणि ताल आणखी जुळतो. रचनाकारांना माणसाचं वजन ठाऊक होतं. तो आपल्या पायाखालच्या जमिनीला प्रतिसाद देतो, हे हिशेबात नव्हतं. त्यांनी काय केलं? लोकांना ‘तालात चालू नका’ अशी पाटी लावली नाही. माणसांना पुलावर चालवून मोजलं, झोके शोषणारे दमक बसवले, जे कळलं ते छापून जगापुढे ठेवलं, आणि २००२ च्या फेब्रुवारीत पूल पुन्हा खुला केला. व्याख्या आणि माणूस यांचं जमलं नाही तेव्हा त्यांनी व्याख्या बदलली. आपण माणसाला दंड करतो.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात नव्या पुलाचा, वाटेचा किंवा बागेचा आराखडा जाहीर होईल आणि हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा सुंदर चित्रं बाजूला ठेवा आणि तीनच प्रश्न लिहून द्या. यातून कोण बाहेर राहिलं? यात कोण नको ते आत आलं? आणि या चित्रात चालताना दाखवलेला माणूस आपल्या गावात खरोखर राहतो का? या प्रश्नांना अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. उत्तरं द्यायला ती लागेल, आणि ती उत्तरं मागून घेणं हा आपला अधिकार आहे.

इथे थांबतो. तुमच्याकडच्या एखाद्या पुलाबद्दल किंवा वाटेबद्दल सांगण्यासारखं असेल तर जरूर सांगा, पायऱ्या मोजून सांगितलंत तर अधिक बरं.