नेतृत्वाची पदवी आणि ‘नेणे’ या क्रियेची दोन कर्मे

‘नेतृत्व’ हा शब्द ‘नी’ या धातूपासून सिद्ध झाला आहे. संस्कृत वैयाकरणांनी या धातूची गणना द्विकर्मक धातूंत केली असून, शेळीला गावाकडे नेण्याचे त्यांचे उदाहरण व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. कोणाला न्यावयाचे आणि कोठे न्यावयाचे, या दोन्ही गोष्टी सांगितल्यावाचून नेण्याची क्रिया पुरी होत नाही. परंतु धातूचे एकदा भाववाचक नाम बनले की ही दोन्ही कर्मे गळून पडतात आणि उरतो तो केवळ कर्ता. नेतृत्व हाच ज्यांचा विषय आहे अशा आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे परीक्षण करताना व्याकरणातील ही साधी गोष्ट ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरेल. ते परीक्षण हवेत होऊ नये यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके येथे कसोटीला घेतले आहेत.

नेतृत्वाच्या स्वतंत्र अभ्यासाला अमेरिकेत प्रतिष्ठा लाभली ती मुख्यतः जेम्स मॅक्ग्रेगर बर्न्स या राज्यशास्त्रज्ञाच्या 1978 सालच्या ‘लीडरशिप’ या ग्रंथामुळे. 1992 मध्ये रिचमंड विद्यापीठात जेप्सन नेतृत्वविद्यालय सुरू झाले आणि इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या शाखा एका छत्राखाली आल्या. बर्न्सवर अन्याय होऊ नये म्हणून हे नमूद केले पाहिजे की, अनुयायाचा विचार त्याने टाळलेला नाही. नेता आणि अनुयायी परस्परांना बदलवितात, हे त्याचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. उणीव आहे ती त्याच्या मागून आलेल्या अभ्यासक्रमांत. नेत्याची गुणसंपदा, त्याची निर्णयशक्ती, त्याचे संवादकौशल्य यांची प्रकरणांमागून प्रकरणे तेथे येतात. नेले जाणारे लोक मात्र ‘समूह’ या नावाने येतात आणि गंतव्य ‘उद्दिष्ट’ या नावाने. समूह कोणताही चालतो, उद्दिष्टही कोणतेही चालते. शास्त्रांची बेरीज झाली खरी, पण ती कोणत्या प्रश्नावर झाली हे सांगता येत नाही.

महाराष्ट्राला असा अभ्यासक्रम सर्वस्वी नवा नाही, हे आपल्या विद्यापीठांतून क्वचितच लक्षात घेतले जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 मध्ये पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजात नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे. ग्रंथाभ्यास आणि देशाटन ही तिची दोन अंगे होती. पदवीचे भेंडोळे तेवढे तेथे मिळत नसे. ना. म. जोशी, ठक्कर बाप्पा हे याच समाजातले. आणि याच समाजाच्या पहिल्या महिला सभासद म्हणजे कायद्याच्या पदवीधर गोदावरी गोखले, पुढच्या गोदावरी परुळेकर. समाजाचा मार्ग सोडून त्या व शामराव परुळेकर किसान सभेच्या कार्यात शिरले. 7 जानेवारी 1945 रोजी महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली ती टिटवाळ्यास, म्हणजे शहापूर-मुरबाडला लागून असलेल्या कल्याण तालुक्यात. उंबरगावकडून आलेले वारली त्या परिषदेस उपस्थित होते आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूत वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. (हा सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडे. 1960 मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि 2014 पासून डहाणू पालघर जिल्ह्यात आहे.)

या लढ्याची हकीकत सांगणारा परुळेकरांचा ग्रंथ 1970 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात हा ग्रंथ लावण्याचा मोह कोणाही अध्यापकास होईल. तसा तो लावला गेला तर त्याची प्रश्नपत्रिकाही आधीच सांगता येईल : ‘लेखिकेच्या अंगचे नेतृत्वगुण सोदाहरण स्पष्ट करा.’ याहून विपरीत वाचन संभवत नाही. ग्रंथाचे शीर्षकच पाहावे : ‘जेव्हा माणूस जागा होतो’. क्रियापद अकर्मक आहे. माणसाला कोणी जागे करीत नाही, तो जागा होतो. जी स्त्री स्वतः त्या लढ्याच्या अग्रभागी होती, तिने शीर्षकातून स्वतःचे कर्तेपण काढून ते वारल्याकडे सोपविले आहे. ही केवळ विनयाची लकब आहे असे मानणारा वाचक ग्रंथाबाहेरच राहील. पाच वर्षांच्या उमेदवारीत जे शिकविले गेले नव्हते ते लेखिका वारल्यांकडून शिकली आणि ग्रंथाचा खरा विषय तो आहे.

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. कोतवाल माथेरानचे, कायद्याचे पदवीधर. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने त्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या धान्यकोठीकडे आणि शाळांकडे फारसे लक्ष जात नाही. चरित्रकारांनी दस्त्याचे शौर्य सांगावे हे योग्यच. परंतु दस्ता रानात तग धरू शकला तो कोणाच्या भाकरीवर, हा प्रश्न नेतृत्वाच्या अभ्यासकाने विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की अभ्यासक कोठीपाशी येतो आणि मग सावकारी, भाताचे पीक, पावसाळ्यातली उपासमार असे विषय आपोआप एकत्र येतात. येथे आंतरविद्याशाखीयता वेगळी शिकवावी लागत नाही.

ही गोष्ट आजच्या शहापुरात अधिकच स्पष्ट दिसते. तानसा (1892), मोडकसागर (1957) आणि त्यानंतर भातसा अशी मुंबईची मोठमोठी धरणे या तालुक्याच्या परिसरात आहेत. एकट्या भातशातूनच महानगराच्या पुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भाग जातो. पावसाचे मान अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. असे असूनही उन्हाळ्यात तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकर येतो. ‘अन्याय’ हा एकच शब्द उच्चारून वक्ता टाळ्या मिळवील आणि तो शब्द खोटाही नाही. पण तेवढ्याने पाणी येत नाही. काळा कठीण बेसॉल्ट पाणी साठवीत नाही, हे भूविज्ञान. पाडे उंचावर आणि जलाशय खोऱ्यात, हे भूमिती जाणणाऱ्याचे क्षेत्र. पाणी वर चढविले की विजेचे बिल ग्रामपंचायतीच्या माथी बसते आणि ते थकले की योजना बंद पडते, हे अर्थशास्त्र. आणि धरणातील पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा कायद्याचा व राजकारणाचा प्रश्न. शहापूरच्या गावांसाठी शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून, घाटावरून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना करावी लागली, या एका गोष्टीत वरील सर्व शास्त्रे गुंतलेली आहेत.

मुंबईच्या आय. आय. टी.तील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र 1985 मध्ये स्थापन झाले. तेथे 2007 पासून ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी शहापूरच्या टँकरवर अवलंबून असलेल्या वस्त्यांचा व नळपाणी योजनांचा अभ्यास केला आहे. या पदवीच्या नावात नेतृत्वाचा उल्लेखही नाही. तरीही नेतृत्वाच्या पदवीने जे करावयास हवे त्याच्या ती अधिक जवळ जाते, कारण तिच्या अभ्यासाला दोन्ही कर्मे आहेत : पाणी कोठून कोठे आणि कोणासाठी. तथापि तिलाही एक मर्यादा आहे. प्रबंध लिहिले जातात ते इंग्रजीत. ते वाचतो तो मार्गदर्शक, परीक्षक, फार तर जिल्हा परिषदेचा अभियंता. ज्या पाड्याची मोजणी झाली त्या पाड्याला आपल्याविषयी काय लिहिले गेले हे तपासता येत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. विशिष्ट प्रश्नात गुंतलेला विद्यार्थी त्या प्रश्नाचा तज्ज्ञ होईल, नेता होणार नाही. पाण्याचा प्रश्न सुटला तर तो उद्या जमिनीच्या प्रश्नापुढे निरुत्तर उभा राहील. सामान्य सिद्धांताची गरज यातून सिद्ध होते, हे मान्य करावयास हवे. मात्र तो सिद्धांत पहिल्या सत्रात शिकवावा की अखेरच्या, याला महत्त्व आहे. मुरबाडमधील काळू नदीवरच्या नियोजित धरणाचे काम 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले. त्या प्रकरणात बुडणारी गावे, तहानलेली नागरी वस्ती आणि वनकायदा यांपैकी प्रत्येकाचे ‘कोठे’ निरनिराळे होते. हा तिढा एकदा जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला बर्न्स वाचावयास दिला तर तो त्याच्याशी वाद घालील. आधी बर्न्स वाचलेला विद्यार्थी मुरबाडात केवळ उदाहरणे शोधील.

शहापूर तालुका सबंध आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याने सल्लामसलतीचे अधिकार दिले आहेत. तेव्हा प्रबंधाची तोंडी परीक्षा अंशतः तरी ग्रामसभेपुढे, मराठीत व्हावी, ही सूचना कायद्याच्या चौकटीबाहेरची नाही. अडचण येईल ती वेळापत्रकाची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. विद्यापीठाचे सत्र चालू असते तेव्हा वस्ती निम्मी रिकामी असते आणि टँकरचे आकडेही त्याच रिकाम्या वस्तीत घेतले जातात. परीक्षा घ्यावयाची तर ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, राब भाजून झाल्यावर आणि लावणीला हात घालण्यापूर्वी, म्हणजे नेमकी विद्यापीठाच्या सुटीत घ्यावी लागेल.