दुखणं आपलं आणि परक्याचं

डोकेदुखीच्या गोळ्यांना ‘अ‍ॅनाल्जेसिक’ म्हणतात. त्यात ‘अल्गोस’ हा ग्रीक शब्द लपलेला आहे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या स्विस विद्यार्थ्याने घरच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजाराला नाव दिलं, तेव्हा त्यानेही हाच शब्द घेतला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं. त्याला ‘अल्गोस’ जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ झाला. म्हणजे अंगाचं काय नि मनाचं काय, शब्द एकच.

होमरच्या दोन्ही महाकाव्यांच्या तोंडाशीच हा शब्द भेटतो. ‘इलियड’च्या दुसऱ्या ओळीत अकिलीसचा राग आपल्याच ग्रीकांच्या वाट्याला असंख्य ‘अल्गोस’ आणतो. ‘ओडिसी’च्या चौथ्या ओळीत ओडिसिअस तेच समुद्रावर स्वतः सोसतो. एक देणारा, एक भोगणारा.

मराठीत याला काय म्हणावं? ‘दुःख’ म्हटलं की शब्द देव्हाऱ्यात जाऊन बसतो, ‘वेदना’ म्हटलं की दवाखान्यात. मला आपलं साधं ‘दुखणं’ बरं वाटतं. पोट दुखतं, मन दुखावतं, माणूस गेलं की दुखवटा पाळतो. हे सगळे शब्द एकाच घरातले.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माची कारणं येतात. तिथे उमास्वामींनी दुःख आणि शोक वेगळे मोजलेत, पण बसवलेत एकाच सूत्रात. शिवाय ते स्वतःत उपजवा, दुसऱ्यात उपजवा की दोघांत, कर्म येतंच. हे मनात ठेवून ‘इलियड’चं शेवटचं, चोविसावं पर्व वाचावं. ज्याने मुलाला मारलं त्याच अकिलीसच्या हातांचं चुंबन घेऊन म्हातारा प्रायाम मुलाचं प्रेत मागतो. दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस म्हणतो, आपण ही दुखणी मनातच पडून राहू देऊ. इथेही शब्द ‘अल्गोस’चाच, आणि आता तो ‘आपण’ म्हणतोय! सुरुवातीला त्याने दुसऱ्यांना दिलेलं दुखणं शेवटी त्याचं आणि शत्रूचं मिळून झालं.

म्हणून भाषांतरात सुरुवातीला ‘संकटं’ आणि शेवटी ‘शोक’ असं लिहिलं, तर वाक्य शोभेल, पण धागा तुटेल. वाचणारीला कळणारच नाही की पहिल्या पानावर दिलेलं हेच ते.

तरी जैन वाचकाला एक गोष्ट खटकते. त्या तंबूत क्षमा कोणीच मागत नाही. अंत्यविधीसाठी अकरा दिवस मिळतात. बाराव्या दिवशी लढायचंच, हे प्रायाम स्वतःच बोलून ठेवतो. दुसऱ्याचं दुखणं ओळखता आलं, म्हणून वैर सुटतंच असं नाही. होमर तेवढं खोटं बोलत नाही, आणि मला तो त्यासाठीच खरा वाटतो.