दिव्याआडचे पुस्तक

परिचारिकेचे नाव निघाले की सुशिक्षितांच्या मनश्चक्षूंपुढे हाती दिवा घेतलेली एक स्त्री उभी राहते. क्रिमियाच्या युद्धात इंग्रजी वृत्तपत्रांनी रंगविलेले हे चित्र लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८५७ साली काव्यात अमर केले. परिचर्याविद्यालयांतून विद्यार्थिनी दिवा घेऊन जी शपथ उच्चारतात, तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे नाव असले, तरी ती तिने रचलेली नव्हे. ती १८९३ साली डेट्रॉइट येथे इतरांनी रचली. काव्य दुसऱ्याचे, शपथ तिसऱ्याची. आणि बाईंनी स्वतः लिहिलेले 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) हे पुस्तक मात्र फारसे कोणी उघडीत नाही. त्याचा आज परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

निमित्त घडले ते कारंजा तालुक्यातील धनज येथे. तेथील मुक्कामात आमचे वृद्ध यजमान गावात येणाऱ्या नर्सबाईंची स्तुती करीत होते : "बाई म्हंजे देवीच हाय, अर्ध्या रातीले हाक मारली तरी येते." बाई हसून म्हणाल्या, "आबा, देवळाचं दारही रात्री लावतात ना!" सपाट प्रदेशात ५,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असा सरकारी दंडक आहे. तेथील परिचारिकेने लसी टोचाव्या, गर्भवतींची वास्तपुस्त करावी आणि या सर्वांची वह्यांतून नोंदही ठेवावी. त्या हसण्यातील थकवा आम्हांस दिसला. यजमानांस तो दिसला नाही, कारण मध्ये स्तुती उभी होती.

आता पुस्तकाकडे वळू. त्यात देवी नाही. हवा, उजेड, अंथरूण, आवाज, अन्न अशा रोकड्या विषयांवर रोकडी प्रकरणे आहेत. भाषा तिखट आहे. प्रेमात निराश झालेली किंवा अन्य कामास निरुपयोगी ठरलेली स्त्री परिचर्येस योग्य, या समजुतीची बाईंनी यथेच्छ टर उडविली आहे. परंतु ग्रंथाचा कणा म्हणजे किरकोळ व्यवस्थेवरील प्रकरण होय. त्याचा आशय असा : योग्य ते काम मी स्वतः सदैव कसे करीन, हा प्रश्नच चुकीचा, ते सदैव होत राहील अशी तजवीज कशी करीन, हा खरा प्रश्न. आपल्यावाचून सारे अडते याचा अभिमान बाळगणाऱ्यांपेक्षा, आपण नसलो तरी काही अडू नये अशी घडी बसविणारा त्यांना श्रेष्ठ वाटतो. दिव्याच्या चित्रावर याहून कठोर टीका कोणी केली असेल असे आम्हांस वाटत नाही. आणि ती खुद्द दिवेवालीनेच केली आहे!

या कसोटीवर आपले एक उदाहरण घासून पाहावे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग कपडे बदलण्यासाठी तळघरात गेली असता २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर तेथील सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत तेथील परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्या सेवेचा गौरव केला, तो यथार्थच होता. परंतु हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला होता, आणि अरुणेच्या उपचारांबरोबर स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी ही त्यांची मागणी होती, हे किती जणांस आठवते? सेवा आपण पाठ केली, मागणी विसरलो.

ज्याला 'बर्नआउट' म्हणतात, त्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. ती रोग न मानता कामाच्या ठिकाणच्या, नीट न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम मानते : शक्तिपात, कामाविषयी विटाळलेले मन, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. म्हणजे दोष मनाच्या दुबळेपणात शोधावयाचा नसून व्यवस्थेत शोधावयाचा. बाईंचे प्रकरण हेच सांगत नाही काय?

ग्रंथ निर्दोष मात्र नाही. रुग्णाच्या झोपेस जितकी पृष्ठे लाभली, त्या मानाने त्याच्या उशाशी जागणारीच्या झोपेस फारच थोडी जागा मिळाली आहे. क्रिमियाहून परतल्यावर ज्यांनी स्वतः अनेक वर्षे अंथरुणावरून काम केले, त्यांनी ही उणीव ठेवावी याचे आश्चर्य वाटते. ती भरून काढणारे वाक्य आम्हांस ग्रंथात मिळाले नाही, धनजेस मिळाले. देवळाचे दार रात्री लावतात, त्याने देवीचे माहात्म्य कमी होत नाही. पहाटे ते उघडावयाचे असते, म्हणूनच ते लावावे लागते.