गोल तोडला तेव्हा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना वर्ध्यात आमच्या गॅदरिंगमध्ये ढेमसा ठेवला होता. ढेमसा म्हणजे गोंड-कोलामांचा गोल धरून करायचा नाच. वर्धा नदीच्या पलीकडून, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोलाम पोडावरून पंधराएक जण आले होते. स्टेजची जबाबदारी माझ्याकडे होती. तालमीत त्यांनी नेहमीसारखा गोल धरला आणि मी वैतागलो. निम्म्या लोकांची पाठ पाहुण्यांकडे! मी गोल मधोमध तोडायला लावला, अर्धवर्तुळ केलं, ढोलवाल्यांना विंगेजवळ माइकसमोर उभं केलं आणि सांगितलं, सहा मिनिटांत संपवा. त्यांच्यातले एक आजोबा एवढंच म्हणाले, "आमी सारे तुमच्याकडेच पाहून रायलो, त एकमेकायकडे कोन पायन?"

मी हसून विषय टाळला. कार्यक्रमाला टाळ्या पडल्या.

ते वाक्य परत आठवलं ते आता पुण्यात, एका रात्री यूट्यूबवर बाल्कन देशांतले नाच बघत बसलो तेव्हा. सर्बियात 'कोलो' नावाचा नाच आहे. लग्नात, जत्रेत लोक हात धरून गोल करतात आणि नाचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात असे नाच रंगमंचावर नेणारे व्यावसायिक संच निघाले. १९४८ मध्ये बेलग्रेडला ओल्गा स्कोव्हरान यांच्या नेतृत्वाखाली 'कोलो' हाच संच सुरू झाला, १९४९ मध्ये झाग्रेबला 'लाडो' आणि स्कोप्येला 'तानेत्स'.

यांचं काम कच्चं नाही. 'लाडो'चे नर्तक नाचतात आणि गातातही. 'कोलो'ची पावलं बारीक आणि झपाट्याची, पण कमरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर. शेजारच्या बल्गेरियातल्या राचेनित्साला सात मात्रा आहेत, दोन-दोन-तीन. आपला रूपक तीन-दोन-दोन. त्यामुळे ऐकताना ओळखीचं वाटतं आणि टाळी द्यायला गेलं की चुकतं.

तरीही चार-पाच व्हिडिओंनंतर मला खटकायला लागलं. मंचावर गोल टिकतच नाही. त्याच्या रांगा होतात, रांगांचे कोन होतात, आणि शेवटी सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून हसतात. आकृती सारखी बदलत राहते, कारण समोर बसलेल्याला कंटाळा यायला नको. गावात तेच पाऊल कितीतरी वेळ चालतं आणि कंटाळा येत नाही, कारण तिथे तुम्ही स्वतः नाचत असता. बऱ्याचदा साखळीचं शेवटचं टोक उघडं असतं. नवखा तिथे जाऊन हात धरतो आणि शेजाऱ्याचे पाय बघत शिकतो. मंचावर हे टोक बंद होतं. पाठ दिसते की तोंड, हा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे.

क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या आतल्या भागात 'न्येमो कोलो', म्हणजे मुका कोलो, आहे. २०११ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. त्याला वाद्यांची साथ नसते, ताल पावलांचाच. गोलातल्या माणसाला शेजाऱ्याचं पाऊल ऐकावंच लागतं. तोही आता बहुतेक महोत्सवांतच दिसतो. खुर्चीत बसून मला तो नीट दिसतो, पण मी ऐकलं नाही तरी त्याचं काही अडत नाही.

संचांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांनी गावोगावचे पोशाख, वाद्यं, पावलं जपली आणि नाचणाऱ्याला पगार दिला. आमच्याकडे आलेल्यांना आम्ही जेवण, शाल आणि प्रमाणपत्र दिलं. म्हणजे मंचाने जे घ्यायचं ते आम्ही पुरेपूर घेतलं आणि जे द्यायचं ते दिलं नाही.

आज परत ती जबाबदारी मिळाली तर मी स्टेज सोडून ग्राउंड घेईन. वीस मिनिटं देईन, मानधन आधी ठरवीन, आणि शेवटची दहा मिनिटं कुणीही आत शिरावं, चालेल का, हे त्यांनाच विचारीन. पाहुण्यांच्या खुर्च्या गोलाभोवती कुठेही मांडता येतील. थोडा वेळ पाठ दिसेल त्यांना.