चपला काढून

रांझीत राहून मराठी सिनेमा पाहायचा तर बहुधा मोबाइलवरच. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ (२०२३) मी तसाच पाहिला, आणि मध्येच बंद करून चहा टाकायला उठले.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची सविता बी.ए. करते आहे आणि पाहुणे येतच राहतात. पाय धुवायला पाणी, पोहे, चहा, मग तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची, आवड. माणसं बदलतात, प्रश्न नाही. कुणाला हे कंटाळवाणं वाटेल. माझ्या मते सिनेमा त्या कंटाळ्यावरच उभा आहे. आपणच दमल्याशिवाय सविताचं दमणं कळत नाही. सुरुवातीचं स्वप्न मात्र, ज्यात बायका मुलाला पाहायला बसतात, मला सोपं वाटलं. हसू येतं, पण पुढचं सगळं आधीच फोडून टाकतं.

काम करणारी बहुतेक माणसं तिथलीच. त्यांची बोली ऐकताना आमची हिंदीत भिजलेली मराठी फार लांबची वाटली नाही.

हे म्हणाले, “आमच्याकडून कुणी उंची विचारली नव्हती हं.”

नव्हतीच विचारली. सासूबाईंनी चपला काढायला सांगून मला यांच्या शेजारी उभं केलं होतं.