दारावर काय लिहावे?

कॅनडातील हॅलिफॅक्स परिसरात नर्सना परवाना देणारी 'नोव्हा स्कोशिया कॉलेज ऑफ नर्सिंग' ही संस्था आहे. दोन जुन्या संस्था एक होऊन ती ४ जून २०१९ रोजी झाली. दोन बिऱ्हाडे एकत्र आली की भांडी नव्याने लावावी लागतात, संकेतस्थळाचेही तसेच.

येथे येणारे तिघे. दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण करणारी नर्स, तक्रार घेऊन आलेला रुग्ण आणि परदेशी शिकलेली उमेदवार. २०२३ मध्ये संस्थेने भारतासह सात देशांतील नर्सना परवान्याची वाट सोपी केली. तिसरीची गरज त्यामुळे वाढली. नर्सचे नाव घालून परवाना तपासण्याची सोय सर्वांना खुली आहे, हे आम्हांला योग्य वाटते.

अशा स्थळाची पाने कार्यालयाच्या खात्यांप्रमाणे लावली, तर सोय होते ती कारकुनाची. तिघांना तीन दारे केली, तरी अडचण राहतेच, कारण नर्सही उद्या रुग्ण होते. म्हणून आमच्या मते दारावर माणूस नव्हे, प्रश्न लिहावा : 'तक्रार कोठे करू?', 'माझी पदवी चालेल का?' चुकीच्या पानावर गेलेल्या उमेदवाराचे महिने वाया जातात.

आजीसाठी मराठी आणि नातीसाठी हिब्रू छापणाऱ्या आपल्या मासिकानेही हे ध्यानी ठेवावे.